उस्तादाची वही

बुद्धिबळावर बोलायला एका कवीला बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं. मी मोठा खेळाडू नाही. बी.ए.च्या अभ्यासाला जेवढा वेळ दिला त्यापेक्षा जास्त वेळ चौसष्ट घरांवर घालवला, एवढीच माझी पात्रता. पण आज मला गाजलेल्या खेळाडूंचे पराक्रम सांगायचे नाहीत. डाव संपल्यावर, सगळे उठून गेल्यावर, पटाशेजारी बसून 'ही चाल का केली' हे शिष्यासाठी लिहून ठेवणारी काही माणसं असतात. त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. हा इतिहास हजार-अकराशे वर्षांचा आहे. त्याचं एक टोक बगदादला आहे आणि दुसरं, निदान माझ्यापुरतं, मिरजेतल्या आमच्या गल्लीत.

आमच्या घरी अब्बा खेळायचे ते जुन्या देशी पद्धतीनं. संध्याकाळी एका शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर पट मांडला जायचा. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, आपल्या किल्लेकोटाची रीतही तिथं नसते. डाव सावकाश चालायचा, चहा निवायचा आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. कोण कसा हरला हे आठवडाभर चर्चेत असायचं, पण कुणी लिहून मात्र ठेवत नसे. दादीला हा खेळ मुळीच आवडत नसे. ज्या घरात पट उघडतो त्या घरातली चूल वेळेवर पेटत नाही, असं तिचं मत होतं. अब्बांच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं.

1980 नंतरची ती वर्षं. शेजारच्या सांगलीला लोक बुद्धिबळाची पंढरी म्हणत. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं पोरांना खेळाची गोडी लावली होती आणि ते वारं मिरजेपर्यंत यायचं. आमच्या गल्लीपलीकडं गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहायचे. ते पोरांना आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं खेळ शिकवतात असं कळल्यावर अब्बा मला तिथं घेऊन गेले. "सर, याला नीट शिकवा. आमचं शिक्षण फळीवरचं," असं म्हणाले आणि दारातूनच परत फिरले. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो.

सरांकडं एक जाड बांधणीची वही होती. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूला डावाच्या चाली, शाईच्या पेनानं लिहिलेल्या. उजव्या बाजूला शिसपेन्सिलीनं त्या चालींची कारणं. मी एकदा विचारलं, "सर, निम्मं पेनानं आणि निम्मं पेन्सिलीनं का?" ते म्हणाले, "अरे, चाल केली ती केली. ती बदलत नाही. कारण मात्र उद्या चुकीचं ठरू शकतं." वहीत त्यांनी स्वतः खेळलेले डाव होते आणि त्यांत हरलेले डाव जिंकलेल्यांपेक्षा जास्त असावेत. जिथं हात चुकला तिथं पेन्सिलीचं एक वर्तुळ आणि शेजारी दोन शब्द: येथे चुकलो.

आम्ही दहा-बारा पोरं जायचो. सर ती वही घरी नेऊ देत नसत, पण तिथं बसून उतरवून घेऊ देत. मी घाईघाईनं डावी बाजू उतरवून घेतली. उजव्या बाजूचं अक्षर बारीक होतं, मजकूर लांब होता. तो मला लागेलसं वाटलं नाही.

त्याचं फळ उन्हाळ्यातल्या एका स्पर्धेत मिळालं. मी पाठ केलेली सुरुवात अशी होती. पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं टाकतो, काळाही तसंच करतो. मग दोघांचा एकेक घोडा बाहेर येतो. तिसऱ्या चालीला पांढरा उंट अशा घरात बसतो की त्याची नजर थेट काळ्या राजाशेजारच्या उंटापुढच्या प्याद्यावर पडते. डावाच्या आरंभी हे प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर असतं, म्हणून ते नाजूक. काळा दुसरा घोडा काढतो. चौथ्या चालीला पांढरा घोडा पुढं झेपावतो आणि त्याच प्याद्यावर दुसरा नेम धरतो. काळा वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते मारतो. आता काळ्यानं घोड्यानं ते प्यादं परत मारलं, की पांढरा आपला घोडा बळी देऊन काळ्या राजाला उघड्यावर ओढतो आणि मग पळापळ सुरू होते. मी गल्लीतल्या चार पोरांना असं हरवलं होतं.

स्पर्धेत समोर बसलेल्या मुलानं प्यादं मारलंच नाही. पाचव्या चालीला त्यानं आपला घोडा पटाच्या कडेला नेला आणि माझ्या उंटावर रोखला. माझी पाठ केलेली वाट तिथं संपली. हातात एक प्यादं जास्त होतं, ते सोडवेना. माझी मोहरी एकामागून एक हाकलली गेली, त्याची मधोमध येऊन बसली आणि मी हरलो. रडत सरांकडं गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि त्याच डावाच्या पाचव्या चालीसमोर बोट ठेवलं. उजव्या रकान्यात लिहिलं होतं: काळ्याने घोडा कडेला नेल्यास प्यादे एक जास्त, पण वेळ त्याच्या हातात. प्यादे टिकवण्याचा हट्ट करू नये, मोहरी सांभाळून आत घ्यावी.

ते सगळं तिथंच होतं. मी ते उतरवून घेतलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला: हा उजवा रकाना पहिल्यांदा कुणी आखला असेल? पुढं वाचायला लागलो तेव्हा हा शोध मला बगदादला घेऊन गेला.

खेळ आपल्याकडचा. चतुरंग इराणात जाऊन चत्रंग झाला, अरबांकडं जाऊन शतरंज झाला. परत येताना शह, मात, वजीर, प्यादं हे शब्द घेऊन आला. पण नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये या खेळाचं जे झालं त्याला त्याआधीचा दाखला सापडत नाही. तिथं खेळणाऱ्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. खलिफा मुतवक्किलच्या काळात, म्हणजे 847 ते 861 या वर्षांत, अल-अदली नावाचा अव्वल खेळाडू होता. त्यानं शतरंजवर ग्रंथ लिहिला, खेळाडूंच्या प्रती ठरवल्या, डावाच्या अखेरच्या स्थिती नोंदवल्या. मग खलिफासमोरच अर-राझी नावाच्या खेळाडूनं त्याला हरवलं. ग्रंथ मात्र मागं राहिला.

त्या शतरंजचे नियम जरा डोळ्यांपुढं आणा. वजीर तेव्हा फार दुबळा होता, तिरकं एकच घर चालायचा. आज जिथं आपला उंट असतो तिथं अरबांचा हत्ती असायचा आणि तो तिरका उडी मारून तिसऱ्या घरात जायचा. प्यादं एकेक घर सरकायचं. त्यामुळं दोन्ही सैन्यांची गाठ पडायला बराच वेळ लागायचा. तोवर प्रत्येक खेळाडू आपल्या पसंतीची रचना मांडून घ्यायचा. लढाईपूर्वी सैन्य उभं करतात तशी. या रचनेला अरबीत 'तबिया' म्हणत. एका रचनेचं नाव 'मुजन्नह', म्हणजे पंखांची, एक 'सय्याल', म्हणजे वाहती, एक 'सैफ', म्हणजे तलवार, एक 'मशायखी', म्हणजे बुजुर्गांची. मला कवी म्हणून ही नावं फार आवडतात. आजही जगातले ग्रँडमास्टर एखाद्या ओपनिंगमधल्या ओळखीच्या ठरलेल्या स्थितीला 'तबिया'च म्हणतात.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव अस-सूली. पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद बिन याह्या. पूर्वज गुर्गानचे तुर्क सरदार. हा माणूस कवितेतला जाणकार होता, कवींचे दिवाण त्यानं संपादित केले, खलिफांचा इतिहास लिहिला. 902 ते 908 या काळात खलिफा असलेल्या मुक्तफीच्या दरबारात अल-मावर्दी नावाचा खेळाडू लाडका होता. 'मावर्द' म्हणजे गुलाबपाणी. सूली आणि मावर्दी यांचा डाव लागला तेव्हा खलिफा उघडपणे मावर्दीला उत्तेजन देऊ लागला. सूली आरंभी गांगरला. मग सावरला आणि असा जिंकला की बघणाऱ्यांच्या मनात शंका उरली नाही. खलिफाचं मन पालटलं आणि तो आपल्या जुन्या आवडत्याला म्हणाला की तुझं गुलाबपाणी आता भलत्याच पाण्यासारखं झालंय. ते पाणी कोणतं हे मी रविवारच्या सकाळी सांगत नाही.

सूलीनं अल-अदलीचा ग्रंथ समोर ठेवून त्यावर टीका लिहिली, स्वतःचे ग्रंथ रचले. पुढं होणाऱ्या राझी या खलिफाचा तो शिक्षक होता. अल-मसऊदीनं लिहून ठेवलंय की राझी एकदा सुंदर बागेत फिरत असताना सोबतचे लोक बागेची तारीफ करू लागले, तेव्हा तो म्हणाला की सूलीचा खेळ याहून देखणा आहे. 940 मध्ये राझी गेला, दिवस पालटले. सूलीला बगदाद सोडावं लागलं आणि 946 च्या सुमारास तो बसऱ्यात वारला. त्यानंतर तीनशे वर्षांनी इब्न खल्लिकान लिहितो की एखादा उत्तम खेळला तर लोक म्हणतात, हा सूलीसारखा खेळतो. शतरंज सूलीनंच शोधली असं समजणारे लोकही त्याला भेटले होते.

या सूलीचं एक कोडं आहे. पटावर मोजकी मोहरी, पांढऱ्याची चाल, पांढऱ्यानं जिंकायचं. सूलीचं म्हणणं असं की ही स्थिती जुनी आणि फार अवघड आहे, अल-अदलीलाही तिचा निकाल सांगता आला नाही, आणि मी शिकवल्याशिवाय ती सोडवणारा माणूस पृथ्वीवर नाही. उत्तर त्यानं लिहून ठेवलं नाही. ज्यांना शिकवलं असेल ते गेले, त्यांच्याबरोबर उत्तर गेलं. स्थिती तेवढी हस्तलिखितांतून उरली. जवळजवळ हजार वर्षं ती तशीच पडून होती. अखेर 1980 च्या दशकात डावाच्या अखेरीचे सोव्हिएत तज्ज्ञ युरी अवेरबाख यांनी ती पूर्ण सोडवली. आज तिला 'सूलीचा हिरा' म्हणतात. मी हे वाचलं तेव्हा सूलीचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. एवढ्या मोठ्या उस्तादानं डावी बाजू ठेवली आणि उजवी सोबत नेली.

पण सूलीचं सगळंच असं गेलं नाही आणि त्याचं श्रेय एका शागिर्दाला आहे. त्याला लोक अल-लजलाज म्हणायचे. लजलाज म्हणजे तोतरा. बोलताना अडखळणाऱ्या या माणसानं शतरंजच्या सुरुवातींवर ग्रंथ लिहिला. कुणी मुजन्नह मांडली आणि समोरच्यानं मशायखी मांडली तर पुढं काय होतं, कुणी वाट बदलली तर काय करायचं, कुणाची बाजू वरचढ ठरते, हे त्यानं चालीमागून चाल लावून दाखवलं. केवळ अखेरच्या स्थिती न देता डावाच्या आरंभापासून असं सलग विश्लेषण करणारं जे लेखन आपल्यापर्यंत आलंय, त्यात हे सर्वांत जुन्यांपैकी आहे. ग्रंथांची प्रसिद्ध सूची करणारा इब्न अन-नदीम सांगतो की आपण लजलाजला पाहिलं होतं, तो शिराझला अदुद अद-दौला या राजाकडं गेला आणि तिथंच वारला. ते साल 970 च्या आसपासचं. इंग्रज अभ्यासक एच. जे. आर. मरे यांनी अरबी शिकून ही हस्तलिखितं वाचली आणि 1913 मध्ये बुद्धिबळाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा लजलाज आपल्या काळात परत आला.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खेळ बदलला. वजीर सगळ्या दिशांना धावू लागला, उंट तिरका दूरवर मारू लागला. मग आपली रचना शांतपणे मांडत बसायला वेळ कुठला? चार चालींत मात होऊ लागली. सुरुवात शिकणं ही शोभेची गोष्ट राहिली नाही, ती जिवावरची गोष्ट झाली. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थात इटलीचा जोआकिनो ग्रेको पॅरिस, लंडन अशा शहरांत फिरला आणि श्रीमंत आश्रयदात्यांसाठी डावांच्या हस्तलिखित वह्या करून देऊ लागला. त्यांत पहिल्या चालीपासून मातीपर्यंत अख्खे डाव असत. चमकदार, थरारक. पण त्या वह्यांत भर सगळा चालींवर होता. मी ज्या सुरुवातीनं गल्लीतली पोरं हरवायचो, तिचे डावही चारशे वर्षांपूर्वीच्या अशाच इटालियन नोंदींत सापडतात. म्हणजे माझी चूकही चारशे वर्षं जुनी होती!

उजवा रकाना युरोपात ठळकपणे आणला तो फिलिडोर यानं. हा फ्रेंच माणूस पेशानं संगीतकार, पुढं त्यानं ऑपेरा रचले. 1749 मध्ये लंडनला त्याचं बुद्धिबळाचं पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्यानं थोडेच डाव दिले, तेही शिकवण्यासाठी मुद्दाम रचलेले. पण चालींखाली टीपा लिहिल्या: हे प्यादं आत्ता का पुढं टाकायचं, हे का रोखून धरायचं, प्याद्यांची साखळी तुटली तर पुढं काय भोगावं लागतं. ग्रेको वाचून माणूस सापळे शिकत होता, फिलिडोर वाचून बेत करायला शिकू लागला.

आपल्याकडं काय होतं? लिहिलं जातच नव्हतं असं नाही. मूळच्या पैठणच्या आणि काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात आपल्या 'भगवंतभास्कर' या ग्रंथात बुद्धिबळाचे नियम आणि घोड्याचे पटभर फेरे दिले. 1814 मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, भर डावातल्या अवघड स्थितींवर आणि खेळ युरोपी रीतीला जुळवून घेतलेला. मुंबईत छापलेलं एवढं जुनं बुद्धिबळाचं पुस्तक आहे, हे आपल्याला ठाऊकही नसतं. पण खेळलेला अख्खा डाव घेऊन त्यामागचं 'का' उलगडणं हा या पुस्तकांचा हेतू नव्हता. आमच्या शिंप्याच्या फळीवर ते ज्ञान तोंडातोंडी होतं आणि तोंडाबरोबर जायचं.

याची किंमत काय असते ते मीर सुलतान खान यांच्या आयुष्यात दिसतं. हे आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबचे. देशी पद्धतीनं खेळत वाढलेले. सर उमर हयात खान टिवाणा या बड्या जमीनदारानं त्यांना आश्रय दिला. 1928 मध्ये ते हिंदुस्थानचे विजेते झाले आणि 1929 मध्ये मालकांबरोबर लंडनला गेले. नव्या ओपनिंगांचा अभ्यास जवळजवळ नव्हता. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांना थोडी तयारी करून दिली, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा जिंकलं. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. आरंभी अडचणीत यायचं आणि मग मध्यडावात, डावाच्या अखेरीत शांतपणे बाहेर पडायचं, ही त्यांची रीत. लजलाजसारखा कुणी त्यांच्या लहानपणी शेजारी बसला असता तर, असं वाटत राहतं.

1933 च्या अखेरीस ते मायदेशी परतले. पुन्हा मोठ्या जागतिक पटावर दिसले नाहीत. ते अशिक्षित नोकर होते ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांनी वर्षानुवर्षं सांगितली. त्यांच्या मुलानं आणि नातीनं अलीकडं ती ठामपणे नाकारली आहे आणि आपण त्यांचं ऐकलं पाहिजे. पण एक गोष्ट कुटुंबाकडूनच आलेली म्हणून सांगितली जाते: त्यांनी आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकवलं नाही, आयुष्यात याहून उपयोगाचं काही करा म्हणाले. 1965 मध्ये त्यांच्या निवडक डावांचं पुस्तक टीपांसह इंग्लंडमध्ये निघालं, टीपा दुसऱ्याच्या. 1966 मध्ये सुलतान खान वारले. जागतिक संघटनेनं त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते 2024 मध्ये. त्यांचे डाव आज कुणीही पाहू शकतो. ते डाव खेळताना त्यांच्या मनात काय होतं, हा रकाना रिकामा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मिखाईल बोट्विनिक. सोव्हिएत विद्युत अभियंता आणि जगज्जेता. त्यांचं म्हणणं असं की खेळाडूनं आपल्या डावांचं विश्लेषण छापावं, म्हणजे लोक चुका काढतील आणि आपण स्वतःला फसवू शकणार नाही. त्यांच्या शाळेत येणाऱ्या मुलांना स्वतःचे डाव स्वतःच्या टीपांसह मांडावे लागत. कार्पोव, कास्पारोव, क्रामनिक तिथूनच गेले. उस्ताद आपली वही दाखवतो ही जुनी रीत. इथं उस्ताद म्हणतो, तुझी वही दाखव. सरांनी बोट्विनिक वाचला असणार, असं आज मला वाटतं. कारण त्या पराभवानंतर त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि मधोमध रेघ मारायला सांगितली.

ती वही मी दोन वर्षं लिहिली. मग कविता आली, कॉलेज आलं, नोकरी आली. सर गेले तेव्हा मी अंत्यदर्शनाला गेलो. त्यांची मूळ वही त्यांच्या मुलाकडं सांगलीला गेली हे मला माहीत होतं. जाऊन एकदा नीट उतरवून घ्यावी असं दर दिवाळीला ठरवायचो. सांगली किती लांब? दहा-बारा किलोमीटर.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. तो पूर तुम्हा सर्वांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर घराघरांसमोर गाद्या, धान्य, पुस्तकं यांचे चिखललेले ढीग होते. सरांच्या मुलानं फोन केला. "वही वाळवतोय, पण काही खरं नाही," म्हणाला. मी गेलो. अर्धी वही लगदा झाली होती. उरलेल्या पानांवर डावी बाजू निळसर डाग होऊन वाहून गेली होती. उजवी बाजू मात्र वाचता येत होती. शाई पाण्यात जाते, शिसपेन्सिल जात नाही.

घरी आणून मी आणि माझी पुतणी ती पानं लावत बसलो. ती इंजिनिअरिंगला आहे, संगणकावर खेळते. संगणक प्रत्येक स्थितीला एक आकडा देतो आणि उत्तम चाल सांगतो. आजच्या जगज्जेत्यालाही तो हरवील. "चाचा, चालीच नाहीत तर डाव कसा लावणार?" तिनं विचारलं. पण कारणं होती. 'हत्तीला वाट मिळावी म्हणून', 'उंटाचा कोन बंद होईल म्हणून आधी घोडा', 'वजिराची घाई नको'. एकेक कारण धरून मागं जात राहिलो. ते डाव कुठल्या सुरुवातीचे ते कळू लागलं, मग चाली हाती येऊ लागल्या. जिथं दोन चाली शक्य वाटल्या तिथं संगणकानं मदत केली. असे सहा डाव आम्ही पुन्हा उभे केले आहेत. ते मी स्वच्छ उतरवले, दोन्ही बाजू. लजलाजनं हे उस्तादाच्या मागोमाग केलं होतं. मला पूर यावा लागला.

सातवं पान अडलंय. त्यावर वरच्या ओळी गेल्या आहेत आणि खाली सरांच्या अक्षरात एवढंच वाचता येतं: येथे मी चुकलो. पोराची चाल बरोबर होती, मी त्याला चूक म्हटले. ती चाल कोणती, तो पोरगा कोण, ठाऊक नाही. तो मी असेन असं मला आठवत नाही, सरांकडं दहा-बारा पोरं यायची. त्यांतलं कुणी आज हे ऐकत असेल, आणि सरांनी आपली चाल चुकीची ठरवली होती असा एखादा डाव त्याला आठवत असेल, तर त्यानं तो मला जरूर कळवावा. त्या पानाची डावी बाजू मला भरायची आहे. आणि तुझी चाल बरोबर होती, हे सरांच्या वतीनं त्याला सांगायचं आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)